गाडी वेशीबाहेर, मुक्काम गावात

समृद्धी महामार्गाचा शेवटचा इगतपुरी-आमणे तुकडा 5 जून 2025 ला सुरू झाला अन तेव्हापासून आमच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या मेहकर-लोणार-सिंदखेडराजा पट्ट्यात कोकणचं फॅडच आलं आहे. आधी समुद्र म्हणजे शाळेच्या सहलीची लाल एसटी, नाही तर लग्न झाल्यावरचं गोवा. आता सोयाबीन विकलं, हाती चार पैसे आले की पोट्टे चौघं मिळून गाडी काढतात, पहाटे मेहकरच्या इंटरचेंजवर चढतात अन रात्रीपर्यंत अलिबागच्या पुढं पोचून स्टेटस टाकतात. मीही गेलो, अलिबाग, रेवदंडा, कोर्लई, मुरूड, मग आगरदांड्याहून जंगलजेट्टीनं, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीनं, दिघी अन तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली हरणैपर्यंत. रस्ता भारी आहे, त्यात वाद नाही. पण जुन्या गावाच्या पोटातून गाडी घालायची, कोटाच्या भिंतीला टेकवून पार्क करायची, दोन फोटो, एक नारळपाणी अन पुढच्या गावाला पळायचं, हा जो प्रकार चालला आहे तो बंद व्हायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत झालं आहे. अन तो पर्यटकाच्या समजूतदारपणावर सोडला तर कधीच बंद होणार नाही, ते गावानंच करायला पाहिजे. बाहेरच्या खाजगी गाडीला वेशीवर थांबवा, तिच्याकडून पैसे घ्या, अन ते पैसे त्याच ग्रामपंचायतीत राहू द्या.

यावर आमच्याकडचे लोक म्हणतील, बाप्पा, तुले कायले पायजे कोकणची पंचाईत, आपल्याकडं दुखणे कमी हायेत का. त्याकडे येतोच.

आधी रेवदंडा घ्या. अलिबागहून मुरूडला जाणारा रस्ता इथं पोर्तुगीजांच्या कोटाच्या भिंतीतूनच आत शिरतो, म्हणजे गाव कोटाच्या आत वसलेलं आहे, नारळ-सुपारीच्या वाड्या आत, घरं आत, पडक्या चर्चच्या भिंती आत, अन त्यातला तो सातखणी मनोरा, ज्याचे आता सात खण राहिले नाहीत. एसीच्या काचा वर करून गेलं तर आपण किल्ल्यात शिरलो होतो हेच कळत नाही. शेजारचं चौल तर त्याहून कितीतरी जुनं, टॉलेमीच्या भूगोलात त्याचा उल्लेख आहे, म्हणजे दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसलेल्या माणसाला हे बंदर माहीत होतं. रशियातल्या त्वेर शहराचा अफनासी निकितिन नावाचा व्यापारी पंधराव्या शतकात, वास्को द गामाच्या बराच आधी, एक घोडा विकायला घेऊन इथंच उतरला, त्याचं स्मारक रेवदंड्यात शाळेच्या आवारात उभं आहे. 1508 मध्ये इथल्याच पाण्यात इजिप्त अन गुजरातच्या आरमारानं पोर्तुगीजांना हरवलं, त्यांच्या व्हाइसरॉयचा पोरगा लढाईत मेला. तरी पोर्तुगीज पुढं इथं बसलेच अन वसई पडल्यावर 1740 मध्ये मराठ्यांना जागा देऊन गेले. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचं प्रार्थनाघर, बेथ एल सिनेगॉग याच गावात आहे. कुंडलिकेचा पूल ओलांडला की कोर्लई, तिथले ख्रिस्ती कोळी-शेतकरी घरात अजूनही पोर्तुगीजमधून तयार झालेली, मराठीशी मिसळलेली आपली वेगळी बोली बोलतात, बोलणारे फार तर हजारभर असतील.

हे सगळं पंधराएक किलोमीटरच्या आत. अन रस्त्यावर काय दिसते तर एमएच 12, एमएच 04 अन आता आमचं एमएच 28 सुद्धा, समोरून एसटी आली की दोन्हीकडून हॉर्न, मागे लाईन, कोणीतरी उतरून दुसऱ्याला रिव्हर्स घ्यायला शिकवतो आहे. एक बाई ओट्यावर सुपारी सोलत बसली होती, ती दर मोठ्या गाडीला पाय आत घेत होती. तिला त्या गाड्यांतून काय मिळालं? एका टपरीवाल्याला विचारलं की सीझन कसा आहे, तर म्हणाला, "गाड्या लय येतात, गिऱ्हाईक येत नाय." माझा सगळा लेख त्या माणसानं एका वाक्यात सांगून टाकला होता, मी फक्त ते पसरवून लिहितो आहे.

आता यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. असं जुनं गाव इतिहासाचा खर्च रोज भरत असते. रेवदंड्याचा आगरकोट केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. 1958 च्या स्मारक कायद्यात 2010 मध्ये जी दुरुस्ती झाली तिच्याप्रमाणे संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवीन बांधकाम बंद अन त्याच्या पुढचे 200 मीटर परवानगीनंच. जुन्या घराची दुरुस्ती करायची तरी अर्ज करा, वाट पाहा. त्यात समुद्राकडून सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे निर्बंध. स्मारक जपलंच पाहिजे, नियमाला माझा विरोध नाही, पण नियम सोसणारा कोण आहे ते पाहा. ज्याचं घर कोटाच्या भिंतीजवळ आहे त्याला वर एक खोली काढता येत नाही, अन गावाबाहेर दूर ज्यानं चार एकर घेऊन रिसॉर्ट टाकलं तो त्याच भिंतीचा फोटो जाहिरातीत छापून खोल्या भाड्यानं देतो. स्मारकाला तिकीट असेल तर ते पैसे केंद्राकडे जातात, पेट्रोलचे पैसे पंपाकडे, खोलीचे रिसॉर्टकडे, गावाकडे राहतात प्लॅस्टिकच्या बाटल्या अन त्या उचलायचा खर्च.

हे मला कळते कारण आमच्याकडं लोणार आहे. सरोवर जून 2020 मध्ये गुलाबी झालं, त्याच वर्षी पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं, अन गर्दी वाढली. येणारा माणूस काय करतो? काठावर उभा राहून वरून पाहतो, वेळ असला तर दैत्यसूदनाचं मंदिर करतो, अन मुक्कामाला शेगावला निघतो कारण तिथं भक्तनिवासात स्वच्छ खोली अन दर्शन दोन्ही होते. लोणारमध्ये रात्र काढणारा क्वचित. दैत्यसूदन मंदिरही संरक्षित आहे, शेजारच्या घरांना तोच मीटरचा हिशोब. म्हणजे रेवदंड्याची बाई अन लोणारचा माणूस, दोघांचं दुखणं एकच आहे, फक्त एकाच्या पुढं खारं पाणी समुद्राचं अन दुसऱ्याच्या पुढं सरोवराचं.

अन नुसता रस्ता आला की विकास येतो हे तर विदर्भातल्या माणसानं कोणाला सांगूच नये. नागपूरहून मुंबईकडं जायचा जुना रस्ता कारंजा, मालेगाव, मेहकर, सुलतानपूर, सिंदखेडराजा असा गावागावातून जायचा. ट्रॅव्हल्स थांबायच्या, ट्रकवाले थांबायचे, ढाबे होते, पंक्चरवाले होते, जिजाऊंचं जन्मस्थान रस्त्यातच आहे म्हणून लोक राजवाडा पाहायला पाच मिनिटं उतरायचे. समृद्धी 701 किलोमीटरचा, दोन्ही बाजूंनी कुंपण, इंटरचेंज सोडून कुठं उतरता येत नाही. मुंबईला जाणाऱ्याचे तास वाचले हे खरं आहे अन ते मलाही पाहिजेच होते, दवाखान्यासाठी संभाजीनगर गाठायचं तर हा रस्ता देवासारखा आहे. पण जुन्या रोडवरच्या ढाबेवाल्याला विचारा. वेग वाढला अन थांबणं संपलं.

आता हीच गोष्ट किनाऱ्यावर होऊ घातली आहे. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाची कल्पना अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासूनची, लांबी 500 किलोमीटरच्या आसपास, अन इतकी वर्षं जो खाड्यांवर अडकला होता त्याला आता धरमतर, आगरदांडा, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा ठिकाणी पूल देऊन जोडायचं चाललं आहे. पूल नको असं म्हणणारा मी नाही. रात्री बाळंतीण घेऊन खाडीकाठी फेरीबोटीची वाट पाहायला लावणं अन वर त्याला किती छान, किती निवांत म्हणणं हा शहरी चोचला आहे, गावच्या लोकांना पूल पाहिजेच. माझा प्रश्न पुलानंतरचा आहे. पूल झाला की दिवसाला किती गाड्या गेल्या याचे आकडे येतील, मंत्री ते वाचून दाखवतील. किती लोक गावात झोपले हे कोण मोजणार? माझ्या हिशोबानं तोच एक आकडा कामाचा आहे. हजार गाड्या गावातून गेल्या तर गावाला धूळ मिळते, पन्नास माणसं गावात मुक्कामाला राहिली तर मासे विकले जातात, भाकरी थापणाऱ्या बाईला पैसे मिळतात, सकाळी वाडी दाखवणाऱ्या पोराला मिळतात, दुपारी मोदक सुद्धा होतात. म्हणून महामार्ग जुन्या गावाच्या बाहेरून काढा, फाट्यावर पार्किंग करा, अन फाट्यापासून आत पायी किंवा गावच्या रिक्षानं.

हे काही जगावेगळं नाही. माथेरानला मोटारगाडीला बंदीच आहे, दस्तुरीला गाडी ठेवून लोक पुढं चालत, घोड्यावर नाही तर मिनी ट्रेननं जातात, नगरपरिषद माणशी कर घेते, तरी शनिवार-रविवारी तिथं पाय ठेवायला जागा नसते. अन लांब कशाला, आपलं ताडोबा घ्या. मोहर्ली गेटला जायचं तर महिनाभर आधी बुकिंग, ठरलेल्याच जिप्सी, बाहेरची गाडी बाहेर, गाईड जवळच्या गावचा पोरगा, तो म्हणेल तिथं थांबायचं, खाली उतरायचं नाही. आपण ते सगळं निमूटपणे पाळतो, वर पैसेही देतो. का? कारण आत वाघ आहे. मग ज्या गावात दोन हजार वर्षांचं बंदर आहे तिथं आपल्याला कोणी अडवलं तर लगेच आपला हक्क का आठवतो? वाघाला जेवढी इज्जत देतो तेवढी माणसांच्या गावाला द्यायला काय हरकत आहे.

ताडोब्याचं मॉडेल अगदी धुतल्या तांदळासारखं आहे असंही नाही. 31 डिसेंबर 2024 ला अशाच सफारीच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण अन तिच्या बछड्यांना जिप्सींनी दोन्हीकडून घेरलं, व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, शेवटी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. म्हणजे गेट अन पावती असूनही लोक हद्द सोडतात. पण तिथं निदान कोणाला जाब विचारायचा हे माहीत होतं, जिप्सीवाला अन गाईड कोण ते नोंदीत होते, त्यांच्यावर कारवाई झाली. हरणैच्या वाळूवर कोणी गाडी घातली अन रुतली तर ट्रॅक्टरवाला बोलवून ओढून काढतात अन प्रकरण संपते.

किनाऱ्यावरचंच चांगलं उदाहरण पाहिजे तर मंडणगड तालुक्यातलं वेळास. नाना फडणवीसांचं मूळ गाव. पण लोक तिथं नानांसाठी जात नाहीत, ऑलिव्ह रिडले कासवांसाठी जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना धरून कासवांची घरटी वाचवायचं काम सुरू केलं अन त्यातून कासव महोत्सव उभा राहिला. पिल्लं पहाटे अन संध्याकाळी समुद्रात सोडतात, त्यामुळे ती पाहायची तर गावात रात्र काढावीच लागते, अन रात्र काढायची तर गावच्या घरातच, कारण तिथं मोठं हॉटेल नाही. जेवण घरचं, किनाऱ्याला चालत जायचं, दोरीच्या मागं उभं राहायचं. ही सगळी चलाखी त्या वेळापत्रकात आहे. ज्या गावाला मुक्काम पाहिजे त्यानं आपली चांगली गोष्ट भल्या सकाळी नाही तर दिवस मावळताना ठेवावी. रेवदंड्यात संध्याकाळी कोटाच्या तटावरून गावच्या माणसानं दोन तास फिरवलं, निकितिनपासून सिनेगॉगपर्यंत सांगितलं, तर कोण रात्री अलिबागला परत जाईल?

अन सांगणारा गावचा पाहिजे पण तयार केलेला पाहिजे, हेही म्हणतो. विजयदुर्गाला साहेबाचे ओटे, ग्रहण पाहायला बांधले म्हणतात ते, दाखवून हेलियमचा शोध इथंच लागला असं ठोकून देतात. 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास ग्रहण खरं, पण त्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ यान्सेननं निरीक्षण केलं ते गुंटूरहून, अन इंग्रज शास्त्रज्ञ लॉकयरनं सूर्याच्या प्रकाशात हेलियमची पिवळी रेघ पाहिली ती ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडमध्ये बसून. विजयदुर्गाकडं सांगण्यासारखं स्वतःचं इतकं आहे, 1756 मध्ये तुळाजी आंग्र्यांचं आरमार तिथं इंग्रजांनी जाळलं अन त्यात पेशव्यांचा हात होता, हे एकच नीट सांगितलं तरी ऐकणारा गप्प होते. जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं जे 12 किल्ले यादीत घेतले त्यात विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग, खांदेरी हे चार समुद्राचे आहेत, म्हणजे गर्दी आणखी वाढणार, तयारी आत्ताच करायला पाहिजे.

आता पैसे कोणत्या अधिकारानं घ्यायचे? गंमत अशी की ज्या 1958 सालच्या स्मारक कायद्यानं गावाचे हात बांधले, त्याच सालचा आपला ग्रामपंचायत अधिनियमही आहे, अन त्यात कर-फीच्या यादीत यात्रेकरूंवरचा कर आहे, गाडीतळाची फी आहे, बैलगाडी-टांग्याच्या जमान्यातली भाषा आहे पण आहे. गाडीतळ म्हणजेच पार्किंग. ग्रामसभेनं ठराव करावा, सरकारनं त्या जुन्या भाषेत आजच्या मोटारी बसवून द्याव्यात अन दराची वरची मर्यादा ठरवावी, एवढंच काम आहे.

विरोध करणारे दोन प्रकारचे भेटतात. एक म्हणतो गरिबानं समुद्र पाहूच नये का. हा मुद्दा मला लागतो, कारण आमच्याकडं अशी म्हातारी माणसं आहेत की ज्यांनी पंढरपूर-शेगाव सोडून काही पाहिलं नाही. पण गरीब माणूस एसयूव्हीतून येत नाही, तो एसटीनं येतो. बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे, 75 वर्षांच्या वरच्यांना पूर्ण माफ आहे. एसटीला, शाळेच्या सहलीला, गावाकडच्या पाहुण्याला, अपंग माणसाच्या गाडीला एक पैसा लावू नका अन थेट आत येऊ द्या. पैसे फक्त खाजगी चारचाकीला, अन जो गावात मुक्काम करेल त्याला ती पावती घरमालकाच्या बिलात वळती करून द्या. समृद्धीवर कारला किलोमीटरमागे दोन रुपयांच्या आसपास टोल आहे, मेहकरहून मुंबईकडं जाईपर्यंत फास्टॅगमधून किती कापले जातात ते कोणी पाहतही नाही, अन गावानं शंभर मागितले की लुटलं म्हणून रिव्ह्यू टाकायला तयार.

दुसरा म्हणतो, पैसा सरपंच खाईल. याला माझ्याकडं गोड उत्तर नाही. खाऊ शकते. पार्किंगची जागा नेमकी सरपंचाच्या भावाचीच निघेल, पावतीबुकं दोन छापली जातील, हे सगळं आपण घरकुलात, रोजगार हमीत पाहिलं आहे. म्हणून रोख नको, क्यूआर कोड, वसुली महिला बचत गटाकडे, अन महिन्याचा जमाखर्च पार्किंगच्याच बोर्डावर, जिथं पैसे देणारा उभा राहून वाचेल. एवढं करूनही थोडं इकडंतिकडं होईल. पण आज तो पैसा गावात येतच नाही, त्याच्यापेक्षा जो येतो अन ज्याच्यावर ग्रामसभेत भांडता येते तो पैसा बरा.

मला खरी भीती तिसऱ्याच गोष्टीची आहे, अन तिच्यावर कोणी बोलत नाही. महामार्ग येणार हे कळल्यापासून किनाऱ्यावरच्या वाड्या बाहेरचे लोक विकत घेत सुटले आहेत. वाडी विकली की तो माणूस मुंबईला खोलीत जातो अन त्याच्या जागी व्हिला उभा राहतो, ज्याचा मालक वर्षातून चार वेळा येतो. अशा गावात ग्रामसभेला बसणार कोण अन ठराव करणार कोण? गाडी वेशीवर अडवायची तर वेशीच्या आत गावचे लोक राहिले पाहिजेत. समृद्धीच्या इंटरचेंजच्या आजूबाजूला आमच्याकडंही हेच सुरू आहे, जमिनीचे भाव विचारायला बाहेरच्या गाड्या फिरतात, अन आमचे लोक चहा पाजून भाव सांगतात. गाडीतळाचं उत्पन्न आलं तर एखादं घर वाडी विकायचं दोन वर्षं पुढं ढकलेल, यापेक्षा मोठा दावा मी करत नाही.

आमच्या ग्रुपवर हे मांडलं तर एकानं लगेच लिहिलं, "मंग लोणारातही लावतील, तुलेच भरा लागन." लावूद्या. मेहकरहून लोणार काही फार लांब नाही, मी एसटीनंही जाऊ शकतो.